पिशवीच्या तोंडावरची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते

‘पिशवीच्या तोंडावर काहीतरी वाढलंय, हात लावला की रक्त येतं.’ सुरगाणा, पेठ किंवा निफाडकडच्या दवाखान्यातून अशी चिठ्ठी घेऊन बाई नाशिकच्या सिव्हिलला येते, तेव्हा सोबतच्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द असतो. ती भीती खोटी नाही. भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयमुखाचा कॅन्सर आढळतो आणि तो बऱ्याचदा असाच दिसतो. पण अगदी असेच दिसणारे, कॅन्सर नसलेले काही दुर्मीळ आजारही आहेत. त्यातले काही गोळ्यांनी बरे होतात, काही आपोआप जातात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. दिसतं तसं नसतं, हे इथे शब्दशः खरं आहे.

गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचा खालचा, साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या बाहेरच्या अंगाला सपाट पेशींचं अनेक थरांचं अस्तर असतं, तर आतल्या नळीत चिकट स्राव करणाऱ्या उंच पेशींचा एकच थर. या दोन अस्तरांची सीमा वयाप्रमाणे, बाळंतपणाप्रमाणे सरकते. आतला नाजूक थर बाहेर डोकावला की तेवढा भाग लालबुंद दिसतो आणि ‘तोंडाला जखम झालीय’ असं सांगितलं जातं. ती जखम नसते. ग्रंथींची तोंडं बुजून तयार होणारे पाणीदार फोडही असेच सर्रास आढळतात. लाइपझिगच्या मार्टिन नाबोथ यांनी १७०७ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना नाबोथियन सिस्ट म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर हे नाव वाचून घाबरण्याचं कारण नाही.

दुर्मीळ आजारांत आपल्याकडे सगळ्यात आधी आठवायला हवा तो गर्भाशयमुखाचा क्षयरोग. टीबी म्हटलं की खोकला डोळ्यांपुढे येतो, पण हे जंतू रक्तातून गर्भनलिकांपर्यंत जातात, तिथून गर्भाशयाच्या अस्तरात आणि क्वचित खाली मुखापर्यंत पोहोचतात. तिथे फुलकोबीसारखी वाढ होते किंवा खोल व्रण पडतो. संबंधांनंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, वजन घटणं, पाळी कमी होणं किंवा मूल न होणं अशी लक्षणं असतात. यातली पहिली दोन कॅन्सरचीही आहेत. छातीचा एक्स-रे पूर्णपणे स्वच्छ असू शकतो, त्यामुळे टीबीचा विचार अनेकदा कोणाच्या मनातही येत नाही.

निदान होतं ते तुकडा काढून. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे गोलाकार पुंजके, त्यांत अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आणि मधोमध मेलेला भाग दिसला की टीबीचा दाट संशय येतो. पण जंतू थोडे असल्याने रंग देऊनही ते अनेकदा सापडत नाहीत. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवायला हवी. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या रसायनात टाकला की जंतू मरतात आणि त्यांचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, शक्य होत नाही. संशय असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये पाठवायचा, कल्चर आणि सीबीनॅट या टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीसाठी. सरकारी यंत्रणेत ही तपासणी मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. औषधाला दाद देणारा टीबी असेल तर साधारण सहा महिन्यांत ती वाढ विरघळून जाते, पिशवीला सुरी लागत नाही. या आजाराची एवढी सविस्तर चर्चा करण्याचं कारण हेच. इथे निदान चुकलं, तर बाई एक अवयव विनाकारण गमावते आणि टीबी मात्र अंगात तसाच राहतो.

अमिबाची बाधाही असाच धोका देते. जुलाब करणारा तोच परजीवी फार क्वचित गर्भाशयमुखावर दुखरा, रक्ताळलेला व्रण पाडतो, आणि मेट्रोनिडाझोल या औषधाने तो बरा होतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मुखावर पिवळसर-लाल उंचवटा येऊ शकतो, त्यातून रक्तही येतं. बाळंतपणानंतर तो आपोआप नाहीसा होतो. एंडोमेट्रिऑसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी भलत्या जागी वाढल्याचे, निळसर-लाल ठिपके याच यादीतले.

काही नकला मात्र डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे येतच नाहीत, त्या थेट पॅथॉलॉजिस्टला चकवतात. गर्भात प्रत्येक बाळाला मेसोनेफ्रिक नलिका असतात. मुलाच्या शरीरात त्यांच्यापासून शुक्रवाहिनी बनते, मुलीच्या शरीरात त्या विरतात. पण काही अवशेष गर्भाशयमुखाच्या भिंतीत दोन्ही बाजूंना खोलवर राहतात, आणि पुढे त्यांची वाढ झाली की खोलात शिरलेल्या कॅन्सरचा भास होतो.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे १९९९ साली वेगळा ओळखला गेलेला, नळीच्या वरच्या भागातल्या ग्रंथींचा गुच्छ, लोब्युलर एंडोसर्व्हायकल ग्लँड्युलर हायपरप्लासिया. यात बाईच्या अंगावरून पाण्यासारखं खूप जातं. एमआरआयमध्ये मधे बारीक आणि भोवती मोठ्या सिस्ट दिसतात. आजार सौम्यच, पण त्याच जागी, जवळपास तसाच दिसणारा ‘अडेनोमा मॅलिग्नम’ नावाचा कॅन्सर होतो. त्याच्या पेशी इतक्या निरागस दिसतात की वरवरच्या तुकड्यात सापडत नाहीत. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात, हा तसा होत नाही. म्हणून एचपीव्ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, आणि मुखावरच्या पेशी खरवडून तपासणारी पॅप स्मिअरही. शिवाय या सौम्य गुच्छातून कधी कधी पुढे कॅन्सर होऊ शकतो. ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर विसंबून फाइल बंद करू नये, अशी ही जागा आहे. पाण्यासारखं जाणं थांबत नसेल तर एमआरआय आणि शंकूच्या आकाराचा खोल तुकडा लागतो. ओठांवर लहानपणापासून काळे ठिपके असतील तर तेही डॉक्टरांना दाखवावेत. प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक आजारात ते असतात आणि त्या स्त्रियांना या कॅन्सरचा धोका जास्त असतो.

व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड, तीन ते पाच टक्के तीव्रतेचं, मुखाला लावून मिनिटभर थांबलं की संशयित भाग पांढरा पडतो. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ साली मांडलेल्या कॉल्पोस्कोपने तो मोठा करून पाहता येतो. पण सुजलेला भागही पांढरा पडतो. तुकडा कुठून घ्यायचा हे या तपासण्या सांगतात. रोग कोणता हे तुकडाच सांगतो. कॅन्सरसारखी वाढ असूनही रिपोर्टात फक्त ‘सूज’ आली, तर तो मेलेल्या पृष्ठभागाचा तुकडा असू शकतो, आणि मग आणखी खोलवरचा घ्यावा लागतो.

बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नये, असं मला आग्रहाने वाटतं. रक्त थांबत नसेल, तर ती तातडीची वेळ अर्थातच वेगळी.

दुसरं मत घ्यायला नाशिकहून मुंबईला जाणारे अनेक जण फक्त रिपोर्टची झेरॉक्स घेऊन निघतात. सोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक हवा. त्या ब्लॉकमध्ये मूळ तुकडा असतो, साध्या तापमानाला तो अनेक वर्षं टिकतो. त्याचे नवे काप काढून पी-१६, केआय-६७ किंवा गाटा-३ सारखी, पेशी नेमक्या कोणत्या हे ओळखायला मदत करणारी खास रंजनं करता येतात. लॅबमध्ये लेखी अर्ज देऊन ब्लॉक मागता येतो, आणि तो मिळाला तर पुष्कळदा बाईला पुन्हा तुकडा द्यावा लागत नाही.