जन्मजात वाकडे पाऊल: प्लास्टर, चाकू आणि पुन्हा प्लास्टर

सोलापूर भागात पाऊल आत वळलेले बाळ जन्मले की डॉक्टरांच्या आधी आजेसासू विचारते, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" गरोदरपणी विळीला हात लावला म्हणून पाऊल वळले, हा समज मराठी, कानडी आणि तेलुगू घरांत सारखाच मुरलेला आहे. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हजार बाळांमागे एक-दोघांत हा दोष असतो. मुलग्यांत तो मुलींच्या साधारण दुप्पट दिसतो आणि निम्म्या बाळांत दोन्ही पावलांत असतो. आनुवंशिकतेचा वाटा असला तरी नेमके कारण बहुतेकदा सापडत नाही. केसपेपरवर याच्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप सीटीईव्ही लिहितात, बोलताना क्लबफूट म्हणतात. आईवर ठपका बसला की लपवालपवी सुरू होते, मालिशवाली बाई येते आणि सांध्यांचे बंध सर्वांत मऊ असण्याचे आठवडे तेलात जातात.

उपचार लवकर आणि हळुवार करावेत, हे हिप्पोक्रेटसने अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते: हाताने थोडे थोडे वळवा, पट्टी बांधा, पुन्हा वळवा. पुढच्या काळात घाई शिरली. एकोणिसाव्या शतकात ह्यू ओवेन थॉमस यांचा लोखंडी पाना आला. पाऊल त्यात धरून जोर लावून वळवायचे. पाऊल सरळ दिसायचे, पण आतले कोवळे सांधे चिरडले जायचे. याच शतकात दोन कामाच्या गोष्टी मात्र मिळाल्या. जर्मनीतल्या स्ट्रोमायर यांनी कातडीला बारीक छेद देऊन टाचेची नस (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर) कापायची रीत बसवली. 1836 मध्ये त्यांनी विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरचे स्वतःचे वाकडे पाऊल तसेच सुधारले. 1850 च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर मथायसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणली.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काइट यांनी पाना टाकून प्लास्टरचाच आग्रह धरला. दिशा बरोबर होती, अंगठा चुकीच्या जागी होता. पावलाचा पुढचा भाग बाहेर वळवताना ते पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाचेचे हाड आणि त्याच्या पुढचे क्युबॉइड हे हाड यांच्या सांध्यावर दाब देत. त्यामुळे टाचेचे हाड अडकून पडे. ते टेलसखालून (टाचेच्या हाडावर बसलेल्या घोट्याच्या हाडाखालून) बाहेर सरकलेच नाही तर टाच आतच राहते. म्हणून महिनोन् महिने, कधी दोन वर्षे प्लास्टर चाले आणि शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागे. यातूनच प्लास्टर म्हणजे वेळकाढूपणा, असे मत बनले. 1971 मध्ये टर्को यांनी आतली आणि मागची आखडलेली बंधने एकाच वेळी मोकळी करण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली आणि पुढची तीन दशके तीच सगळीकडे चालली. टेबलावरून उतरलेले पाऊल फोटोत सुरेख दिसे.

स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोहोचलेल्या इग्नासियो पोन्सेटी यांनी चाळीसच्या दशकात उलट काम केले. जुन्या शस्त्रक्रियांची मुले मोठी झाल्यावर त्यांची पावले तपासली, तर ती ताठ, अशक्त आणि दुखरी निघाली. मग त्यांनी सांध्यांची हालचाल नीट अभ्यासून प्लास्टरची रीत नव्याने बांधली. 1963 मध्ये ती छापून आली, पण तीस-पस्तीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर एकमेकांना गाठणाऱ्या आईवडिलांनीच तिचा आग्रह धरला, ही वैद्यकाच्या इतिहासातली जरा लाजिरवाणी बाब आहे.

रीत अशी. पहिल्या प्लास्टरमध्ये पाऊल बाहेर खेचायचे नाही. अंगठ्यामागचे पहिले लांब हाड वर उचलून तळव्याची खोल कमान सपाट करायची. शिकाऊ हात नेमका इथेच चुकतो, कारण वळलेले पाऊल आणखी वळवल्यासारखे दिसते. पुढच्या आठवड्यापासून घोट्याच्या बाहेर पुढे हाताला लागणाऱ्या टेलसच्या डोक्यावर अंगठा टेकून पाऊल बाहेर वळवायचे. टाचेला हात लावायचा नाही, ती आपोआप येते. प्लास्टरखालच्या कापसाच्या पट्टीचे, म्हणजे सॉफ्ट रोलचे, दोन-तीनच थर द्यायचे, कारण जाड थरात पाऊल सुटते. प्लास्टर मांडीपर्यंत हवे आणि गुडघा काटकोनात हवा, नाहीतर ते मोज्यासारखे उतरते. बोटे उघडी ठेवायची. बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. बोटे प्लास्टरच्या आत गेलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ते काढून टाकायचे. दर आठवड्याला बदल करायचा, साधारण पाच-सहा वेळा. आदल्या रात्री घरी भिजवून काढले तर आठवड्याची कमाई थोडी परत जाते, म्हणून ते ओपीडीतच काढलेले बरे. दोष किती आहे हे मोजायला दर वेळी पिरानी गुण मांडतात: सहा खुणा, प्रत्येकी शून्य, अर्धा किंवा एक, एकूण सहा.

पाऊल 60-70 अंश बाहेर जाते, पण टाच वरच राहते. बहुतेक बाळांत मग भूल देणारे थोडेसे इंजेक्शन देऊन टाचेची नस आरपार कापतात. औषध जास्त टोचले की नस बोटाला लागेनाशी होते. कापताना टक असे जाणवते आणि पाऊल लगेच 15-20 अंश वर येते. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये नस पुन्हा सांधते.

चित्र पालटले ते लांब पल्ल्याच्या पाहणीने. 1995 मध्ये कूपर आणि डिट्झ यांनी पोन्सेटींच्या जुन्या रुग्णांना सरासरी 34 व्या वर्षी तपासले. 78 टक्क्यांची पावले उत्तम किंवा चांगली होती. तुलनेला घेतलेल्या, जन्मतः निर्दोष पावलांच्या माणसांत हे प्रमाण 85 टक्के होते. 2006 मध्ये डॉब्ज आणि सहकाऱ्यांनी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर 25 वर्षांहून अधिक काळ गेलेल्या रुग्णांची पाहणी छापली. त्यांत ताठ घोटे आणि झिजलेले सांधे दिसले. जितक्या शस्त्रक्रिया जास्त, तितकी अवस्था वाईट.

पण प्लास्टर निघाले की संपले, असे घरच्यांना वाटते आणि तिथेच घसरण होते. दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीने जोडलेले दोन बूट, पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि मग चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. दोषाचे पाऊल 70 अंश बाहेर, चांगले 40 अंश, दांडी खांद्यांइतकी रुंद. 2004 च्या आयोवातल्या पाहणीत 157 मुलांपैकी 11 टक्क्यांत दोष परतला. बूट न पाळणाऱ्यांत ही शक्यता 17 पट होती. त्याच वर्षी डॉब्ज यांनी दाखवले की आईवडिलांचे शिक्षण शाळेपुरतेच असेल तर धोका वाढतो. सोलापुरात हे वाचताना शिक्षणापेक्षा भाषा आणि मजुरी आधी डोळ्यांपुढे येते. घरी तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या आईला सूचना घाईघाईने मराठीत दिल्या तर त्या निम्म्याच पोचतात. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी, म्हणजे दर हजार विड्यांमागे असते, त्यामुळे सिव्हिलच्या प्रत्येक खेपेला त्या दिवसाच्या विड्या बुडतात. करमाळ्याकडून एसटीने येणाऱ्यांचे शंभरावर किलोमीटर जातात ते वेगळेच.

एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर गेला की बूट सुटतात. सुती मोजा रोज बदलावा. लाल झालेल्या जागी तेल किंवा मलम लावू नये, कातडी आणखी हुळहुळी होते. टाचेवर फोड आला की घरचे मधला पट्टा सैल करतात. खरे तर टाच आत घसरते म्हणूनच फोड येतो, तेव्हा पट्टा आवळायचा असतो. पहिल्या दोन रात्री बाळ रडते. दोन्ही पाय एकत्र उचलून दांडीशी खेळवले की लवकर सरावते.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, त्यामुळे अंगणवाडीतल्या तपासणीत हा दोष पकडला जाऊ शकतो. परतीची पहिली खूण म्हणजे पाऊल पूर्वीइतके वर न जाणे. तेव्हाच दोन-तीन प्लास्टर आणि पुन्हा बूट पुरतात. अडीच-तीन वर्षांनंतर चालताना पाऊल आत झुकत असेल तर नडगीपुढच्या स्नायूची नस पावलाच्या मध्यावर बसवतात, सहा आठवडे प्लास्टर ठेवतात आणि त्यानंतर बुटांची गरज राहत नाही.