जुन्या फायरप्लेसमधून निघालेली गिटार

क्वीन बँडचा विषय आपल्याकडे निघाला की गाडी लगेच पाचगणीला पोचते. साहजिकच आहे. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, पियानो शिकला आणि सोबत्यांना घेऊन ‘हेक्टिक्स’ नावाचा बँडही त्याने तिथेच केला. त्याच्या गळ्यावर मीही जीव टाकतो. पण क्वीनची गाणी डोळे मिटून ऐकली, की त्या गळ्याच्या बरोबरीने आणखी एक आवाज गाताना ऐकू येतो. त्याचं मूळ लंडनच्या पश्चिमेला, फेल्टममधल्या एका साध्या घरात आहे.

साल १९६३. पुढे क्वीनचा गिटारवादक झालेला ब्रायन मे तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जोडलेला. बापलेकांनी ठरवलं, गिटार घरीच करायची. त्यात दोनेक वर्षं गेली.

मानेसाठी लाकूड मिळालं ते एका जुन्या फायरप्लेसचं. शंभर वर्षांहून जुनं महोगनी, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं. ब्रायनने ते हातानेच तासलं आणि भोकांत काड्यापेटीतल्या काड्या घालून ती बुजवली. मानेवर बोटं ठेवायच्या पडद्यांच्या खुणांचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. बाकीच्या अंगाला जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, कारण अ‍ॅम्पसमोर (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासमोर) उभं राहिलं की गिटार आपणहून घुमायला लागावी, असं त्याला वाटत होतं.

मला सगळ्यात थक्क करतो तो तिचा ट्रेमोलो. दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर खाली येतो. हात काढल्यावर मात्र प्रत्येक तार जिथल्या तिथे परत यायला हवी, नाहीतर पुढचा सूर बेसूर. वाटेत कुठे घर्षण झालं, की तार अडकलीच. म्हणून या दोघांनी तारा धरणारी पट्टी पोलादी सुरीच्या धारेवर तोलली, तराजूची दांडी तोलावी तशी. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. दाबायची दांडी सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळईची आणि तिच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. हातात फार पैसा असता तर हे सुचलं असतं का, असं प्रत्येक वेळी मनात येतं.

पिकअपही (तारांची थरथर विजेत पकडणारे तारेच्या गुंडाळीचे चुंबक) ब्रायनने आधी घरीच गुंडाळले होते, पण तार खेचली की ते खरखरायचे. मग बर्न्स कंपनीचे तीन विकत घेतले आणि त्यांची शिट्टी थांबावी म्हणून त्यांत अ‍ॅराल्डाइट भरलं. प्रत्येक पिकअपला दोन बटणं: एक चालू-बंद करायचं, दुसरं फेज, म्हणजे आवाजाच्या लहरीची दिशा, उलटी करायचं. फेज उलटली की दोन पिकअपमधले काही स्वर एकमेकांना खातात आणि उरतो तो बारीक, धारदार आवाज. एकाच गिटारीतून इतके वेगवेगळे गळे निघतात ते या बटणांमुळे. या गिटारीचं नाव ‘रेड स्पेशल’. ती व्हॉक्स एसी ३० अ‍ॅम्पवर वाजते, आणि तारा छेडायला प्लास्टिकची पट्टी न घेता ब्रायन सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. नाण्याच्या खाचेदार कडेमुळे स्वराच्या सुरुवातीला एक हलकी किरकिर येते, शब्दाच्या आधी येणाऱ्या व्यंजनासारखी.

बेस वाजवणारा जॉन डीकन हाही इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं. ते त्याने एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालवलं. हा ‘डीकी अ‍ॅम्प’. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ गाण्यात जुन्या जाझ बँडची क्लॅरिनेट, ट्रंपेट वाजतात असं वाटतं. ती सगळी रेड स्पेशल आणि हे खोकं. सत्तरच्या दशकात क्वीनच्या रेकॉर्डवर ‘सिंथेसायझर नाही’ असं छापलेलं असायचं, ते उगाच नव्हे.

ड्रमवाला सापडला तो नोटीस लावून. १९६८ मध्ये इम्पीरियल कॉलेजात ब्रायन आणि त्याच्या मित्राने जिंजर बेकर किंवा मिच मिचेल या तेव्हाच्या गाजलेल्या वादकांच्या धाटणीचा ड्रमर हवा, असा कागद लावला. आला दंतवैद्यकीचा विद्यार्थी रॉजर टेलर. त्याने आधी बसून ड्रम सुरात लावले. ड्रम असे कुणी लावताना ब्रायनने तोवर पाहिलेच नव्हते! आपल्याकडे तबलजी मैफिलीआधी हातोडी घेऊन बसतो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. टेलरचे सत्तरच्या दशकातले ड्रम लुडविग कंपनीचे. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या ठोक्याला हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, किंचित उघडायची त्याची सवय, त्यामुळे ठोका फुटल्यावर झांजेचा फुत्कार मागे राहतो. पाठीमागे भली मोठी घंटाथाळी. ‘बोहेमियन रॅप्सोडी’ संपते ती तिच्याच टोल्यावर.

आणि तरीही क्वीनचा जगभर सगळ्यांत जास्त ओळखला जाणारा ठेका ड्रमवर वाजलेलाच नाही. १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’मध्ये आहेत ते पाय आणि टाळ्या. वेसेक्स स्टुडिओत जुन्या फळ्या सापडल्या, त्यांवर सगळ्यांनी पाय आपटले आणि ते पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं. भौतिकशास्त्र शिकलेल्या ब्रायनने त्या थरांना वेगवेगळ्या अंतराने मागे सरकवलं. अंतरं मूळ संख्यांच्या हिशेबाने ठेवली, म्हणजे प्रतिध्वनी घुमत नाही आणि हजारो माणसं जवळ-लांब उभी राहून ताल धरताहेत असं वाटतं. गिटार येते ती अगदी शेवटी.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायर यांनी रेड स्पेशलची डागडुजी केली. जिथे व्हिनिअर झिजलं होतं तिथे ते बसवलं, रंगाला रंग मिळवला. फायरप्लेसची मान तशीच राहिली. २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून ब्रायनने राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा त्याच्या गळ्यात हीच गिटार होती.