दिव्याखाली अंधार

विजेच्या दिव्यामुळे घरोघरी नाव पोचलेल्या एडिसनने १८९३ साली न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला, आपल्या प्रयोगशाळेच्या आवारात, चित्रपटांसाठी स्टुडिओ उभारला. आणि उजेडासाठी त्याने भरवसा ठेवला तो सूर्यावर!

यात कंजुषी नव्हती. कॅमेरा सेकंदाला चाळीसच्या आसपास चित्रं टिपायचा, म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा चाळिसावा भागही येत नसे. फिल्मवरचा चांदीच्या क्षारांचा थर मंद, त्यातून तो मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देणारा. तेव्हाच्या बल्बमधली कार्बनची तार पिवळट उजेड द्यायची आणि त्यात निळा भाग अगदी तुटपुंजा. खोलीतल्या माणसाला लख्ख दिसलं तरी फिल्मच्या दृष्टीने तो जवळजवळ अंधारच. उन्हात मात्र निळ्याला तोटा नाही.

पण ऊन एका जागी थांबत नाही. तासाला पंधरा अंश या हिशेबाने सूर्य सरकतो आणि सावल्या फिरतात. मग एडिसनचा सहकारी डिक्सन याने सगळी इमारतच फिरती केली! साधारण पन्नास फूट लांबीचं हे लाकडी खोकं मधल्या खुंट्यावर तोललेलं होतं. खाली गोल रूळ. छताचा एक भाग झाकणासारखा उघडायचा. ऊन सरकलं की माणसांनी ढकलून खोकं पुन्हा सूर्याकडे वळवायचं. बाहेरून डांबरी कागद, आतून सगळं काळं, म्हणजे माणूस काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसे. एकूण खर्च ६३७ डॉलर ६७ सेंट. आत उकडायचं, दाटीवाटी. कामगारांनी त्याला कैद्यांच्या काळ्या गाडीचं नाव दिलं, ‘ब्लॅक मारिया’.

इथेच एडिसनचा मिशाळ कामगार फ्रेड ऑट तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन शिंकला. काही सेकंदांची ती शिंक जानेवारी १८९४मध्ये कॉपीराइटसाठी कागदावर छापून अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयात जमा झाली, म्हणून आजही बघता येते. मला तर पहिलवान सँडोच्या पिळदार दंडांपेक्षा (तोही इथे येऊन गेला) ही शिंकच जास्त आवडते.

१९०१ साली एडिसनची मंडळी मॅनहॅटनमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर, काचेच्या छपराखाली गेली. ब्लॅक मारिया १९०३मध्ये पाडली. त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी आपल्याकडे दादरला फाळक्यांनी राजवाड्याचे पडदे उभे केले, तेही उन्हातच.