सहाव्या चाचणीतून काय मिळते?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा माग काढायला शौचात दडलेले रक्त शोधणारी एक साधी, स्वस्त चाचणी असते. अमेरिकेत एकेकाळी ती लागोपाठ सहा वेळा करावी, अशी शिफारस होती. १९७५ साली न्यूहाउसर आणि लेविकी या अभ्यासकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचा हिशेब मांडला. १०,००० लोकांत ७२ जणांना कर्करोग आहे आणि एक चाचणी त्यातले सुमारे ९२ टक्के पकडते, असे त्यांनी धरले. सहाही चाचण्यांचा खर्च सापडलेल्या रुग्णांवर वाटला, तर एका रुग्णामागे २,४५१ डॉलर पडतात. ही रक्कम कुणालाही मान्य व्हावी अशीच आहे. पण पहिल्याच चाचणीत ७२ पैकी जवळजवळ ६६ जण सापडलेले असतात आणि दुसरीत आणखी पाच-सहा. सहाव्या चाचणीपर्यंत शोधायला जवळपास कुणी उरतच नाही. चाचण्यांचा आणि विनाकारण संशयित ठरलेल्यांच्या पुढच्या तपासण्यांचा खर्च मात्र वाढत राहतो. फक्त सहाव्या चाचणीचा हिशेब वेगळा काढला, तर नव्याने सापडणाऱ्या एका रुग्णामागे ४ कोटी ७० लाखांहून जास्त डॉलर होतात.

आरोग्यसेवेचे आर्थिक मूल्यमापन शिकायला विद्यापीठात येणाऱ्यांनी सुरुवातीलाच समजून घ्यावे, असे हे उदाहरण आहे. त्यातल्या गृहीतकांवर पुढे टीका झाली. पहिल्या चाचणीतून निसटलेला रुग्ण दुसऱ्या चाचणीतूनही निसटण्याची शक्यता जास्त नसेल का, हा प्रश्न रास्तच आहे. पण पद्धत पक्की राहिली: आज जे करतो आहोत त्यापेक्षा पुढे एक पाऊल टाकले, तर खर्च किती वाढेल आणि त्या बदल्यात आरोग्य किती वाढेल? सरासरी खर्चाच्या आकड्यात हे उत्तर बुडून जाते.

खर्च मोजणे त्यामानाने सोपे. आरोग्य मोजायचे कसे, इथे हा विषय खरा अवघड आणि मला वाटते खरा सुंदर होतो. कर्करोगाचे औषध आयुष्य वाढवते, खुब्याचा सांधा बदलला की वेदना जातात. या दोन्ही लाभांना एकच माप हवे. त्यासाठी ‘क्वाली’ हे एकक वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेतले एक वर्ष म्हणजे एक क्वाली. निम्म्या दर्जाच्या प्रकृतीत चार वर्षे काढली, तर दोन क्वाली. हा दर्जा ठरवण्यासाठी लोकांना विचारतात: या आजारासह दहा वर्षे जगण्याऐवजी ठणठणीत किती वर्षे मिळाली तर तुम्हाला दोन्ही सारखेच वाटेल? उत्तर आठ आले, तर त्या अवस्थेला ०.८ गुण. ‘ईक्यू-५डी’ या प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची कामे, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता अशा पाच बाजू असतात. प्रत्येकीला पाच पातळ्या दिल्या की ३,१२५ अवस्था तयार होतात. त्यांतल्या काहींना लोक शून्याहूनही कमी गुण देतात, म्हणजे मरणाहून वाईट ठरवतात.

पण विचारायचे कुणाला? निरोगी माणूस डायलिसिसवरच्या आयुष्याची कल्पना करतो तेव्हा ते त्याला फार भयंकर वाटते. प्रत्यक्ष डायलिसिसवर जगणारे लोक आपल्या आयुष्याला अनेकदा बरेच जास्त गुण देतात. पैसा सगळ्यांचा म्हणून मत सर्वसामान्यांचे घ्यावे, असे एक बाजू म्हणते. जो जगतो त्यालाच कळते, असे दुसरी. त्यातून आणखी एक बोचरा प्रश्न येतो. कायमचे अपंगत्व असलेल्या माणसाचा जीव वाचवला तर क्वाली कमी मोजल्या जातात. मग त्याचा जीव कमी मोलाचा का? ज्या अभ्यासक्रमात हा प्रश्न गणिताइतक्याच गांभीर्याने शिकवला जात नाही, तो मी अपुरा मानते.

बाकी कौशल्ये सरावाने येतात: भविष्यातला खर्च आणि लाभ आजच्या मोलात आणणे, उपचारांच्या चाचण्यांच्या निष्कर्षांवरून पुढच्या वीस वर्षांचे मॉडेल रचणे, गृहीतके बदलली तर निष्कर्ष पालटतो का ते तपासणे.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी १९८५ साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची क्वालीच्या मापाने तुलना करून दाखवली. ज्यांची डावी मुख्य धमनी अरुंद झाली आहे, अशांच्या शस्त्रक्रियेतून त्याच पैशात भरपूर आरोग्य मिळत होते. सौम्य दुखण्यात फारच थोडे. १९९९ साली ब्रिटनमध्ये, कोणते उपचार सरकारी आरोग्यसेवेत द्यावेत हे सुचवणारी ‘नाइस’ ही संस्था सुरू झाली आणि असे हिशेब सरकारी निर्णयात आले. एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च परवडण्याजोगा, ही तिची पट्टी बरीच वर्षे टिकली. पण निधी ठरलेला असताना नव्या औषधाचे पैसे दुसऱ्या कुठल्या तरी उपचारातूनच निघतात. २०१५ साली यॉर्कच्याच संशोधकांनी अंदाज मांडला, की तिथल्या आरोग्यसेवेत सुमारे १३ हजार पौंड काढून घेतले की एक क्वाली जाते. हे खरे असेल, तर ३० हजार पौंडांना एक क्वाली घेताना इतरांच्या दोनहून जास्त क्वाली जातात. औषध ज्याला मिळाले तो रुग्ण सगळ्यांना दिसतो. ज्यांचा उपचार लांबला त्यांची बाजू मांडायला या हिशेबाशिवाय कुणीच नसते. या अंदाजाच्या पद्धतीवर हरकती घेणारे अर्थतज्ज्ञही आहेत, आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंची आकडेमोड स्वतः करून पाहावी इतका हा वाद मोलाचा आहे.