ट्वायलाइट, डस्क, ग्लोमिंग : सांजवेळेचे इंग्रजी शब्द

सूर्य मावळल्यापासून गडद अंधार पडेपर्यंतच्या वेळेला इंग्रजीत एक नाव नाही. ट्वायलाइट, डस्क, ग्लोमिंग, ईव्हनटाइड, नाइटफॉल हे ग्रंथांतले आणि रोजच्या वापरातले शब्द. डिम्प्सी, सिमर डिम, डेलाइट गेट हे बोलींमधले. मराठीत यांतल्या बहुतेकांना सरसकट ‘संधिप्रकाश’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. पण प्रत्येक शब्द या वेळेकडे वेगळ्या बाजूने पाहतो. ट्वायलाइट उरलेला उजेड मोजतो, डस्क चढणारा काळोख, तर ग्लोमिंगमध्ये त्या वेळेची झळाळी आहे.

ट्वायलाइट हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीच्या अखेरीस रूढ झाला. त्यातला ‘ट्वाय’ म्हणजे दोन. जर्मनमधला ‘त्स्वीलिश्ट’ त्याचाच भाऊबंद. दोन उजेडांच्या मधला, की दोन भागांतला म्हणजे अर्धा उजेड, याचा निकाल अभ्यासकांना लावता आलेला नाही. हा शब्द पहाटेलाही लागतो आणि संध्याकाळलाही, म्हणून याच्यापुरता मात्र ‘संधिप्रकाश’ चपखल बसतो. हिंदुस्थानी संगीतातल्या संधिप्रकाश रागांतही सकाळचा भैरव आणि संध्याकाळचे मारवा, पूरिया, श्री एकाच नावाखाली येतात.

खगोलशास्त्राने ट्वायलाइटचे तीन टप्पे केले आहेत. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश. आकाश निरभ्र असेल तर तोवर बाहेर दिव्याशिवाय कामे उरकता येतात. 12 अंशांपर्यंत सागरी. यात समुद्राची क्षितिजरेषा आणि ठळक तारे दोन्ही एकदम दिसतात, म्हणून ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे ठिकाण काढणाऱ्या नाविकांची ही मोलाची घटका. 18 अंशांपर्यंत खगोलीय. त्यानंतरच खरी रात्र.

इंग्रजीत या वेळेसाठी एवढे शब्द का साठले याचा एक धागा अक्षांशात सापडतो. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी नागरी संधिप्रकाश बावीसेक मिनिटांत आटोपतो. लंडनमध्ये सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे त्याच दिवशी तेहतीसेक मिनिटे लागतात, आणि जूनमध्ये तर पाऊण तास. मेच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लंडनवर सूर्य 18 अंश खाली जातच नाही, म्हणजे काटेकोर अर्थाने रात्र होतच नाही. आणखी उत्तरेला, 60 अंशांवरच्या शेटलंड बेटांवर, जूनच्या मध्यरात्री सूर्य जेमतेम साडेसहा अंश खाली असतो. उत्तरेकडचे आकाश रात्रभर उजळलेले राहते आणि संध्याकाळ न संपता पहाटेत मिसळून जाते. या उजेडाला तिथले लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. ‘सिमर’ म्हणजे उन्हाळा. याला मराठी प्रतिशब्द नाही आणि तो ओढूनताणून घडवूही नये, कारण ही वेळच आपल्याकडे येत नाही.

डस्क मुळात नाम नव्हते. जुन्या इंग्रजीतल्या ‘डॉक्स’ म्हणजे काळसर, सावळा या विशेषणाची अक्षरे उलटसुलट होऊन ते बनले, आणि वेळेचे नाव म्हणून सतराव्या शतकात वापरात आले. म्हणूनच डस्क हा ट्वायलाइटचा काळोखाकडचा भाग. खगोलशास्त्रात तर तो कालखंडही नाही, तो क्षण आहे : सूर्य 6 अंशांवर पोचला की नागरी डस्क. यासाठी मराठीत ‘अंधारून येणे’ हे क्रियापद कोणत्याही नामापेक्षा जवळचे वाटते. याच सुमारास अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत राहावे. दुपारी डोळ्यांत भरणारे लाल फूल आधी विझते, काळपट होते. पाने मात्र त्यानंतरही बराच वेळ करड्या-हिरव्या रंगात उठून दिसतात. मंद उजेडात डोळ्याच्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे टिपले, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

ग्लोमिंगचा प्रवास सर्वांत सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत ‘ग्लोमुंग’ होता आणि निखाऱ्याच्या झळाळीच्या ‘ग्लो’शी त्याचे बहुधा नाते आहे. पुढे इंग्लंडच्या साहित्यातून तो गेला, स्कॉटलंडमध्ये तगून राहिला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटिश लेखकांच्या हातून परत इंग्रजीत आला. त्यामुळे त्याला आजही गाण्याचा, हुरहुरीचा वास आहे. ‘कातरवेळ’ त्याच्या बरीच जवळ जाते, फक्त कातरवेळेतली भीती ग्लोमिंगमध्ये नाही.

हा काव्यमय शब्द अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानात पोचला. 28 सप्टेंबर 1938 रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर कब्ज आणि पायरेट्स या संघांची 5-5 अशी बरोबरी होती. मैदानावर दिवे नव्हते आणि नववा डाव संपला की सामना थांबवायचा, असे पंचांनी ठरवले होते. दोन गडी बाद, झाकोळलेले आकाश, आणि कब्जच्या गॅबी हार्टनेटने चेंडू प्रेक्षकांत टोलवला. त्या फटक्याला ‘होमर इन द ग्लोमिन’ म्हणतात; इथे ‘होमर’ म्हणजे होम रन. तिथे रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे लागायला 1988 उजाडले.

उजेड किती उरला याला कायद्यातही वजन होते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात रात्री घर फोडणे हा दिवसाच्या चोरीहून कितीतरी गंभीर गुन्हा होता. मग रात्र कधी सुरू होते? इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनने 1769 च्या ग्रंथात कसोटी दिली : समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येण्याइतका दिवसाचा उजेड उरला असेल तर ती रात्र नव्हे. चांदण्यात चेहरा दिसला तर ते धरायचे नाही. त्याने इथे लॅटिन ‘क्रेपुस्कुलम’ वापरला आहे; त्याच्या मुळाशी अंधुक, अनिश्चित असा अर्थ आहे. 1837 च्या कायद्याने रात्र घड्याळाला बांधली, संध्याकाळी नऊ ते सकाळी सहा. चेहऱ्याची कसोटी संपली.

बोलींमधले शब्द त्या त्या मातीचे. डेव्हन आणि सॉमरसेटमधला ‘डिम्प्सी’ मंद उजेडाच्या ‘डिम’वरून आला. लँकेशरमधल्या ‘डेलाइट गेट’मध्ये दार शोधू नये, तिथे ‘गेट’ म्हणजे जाणे, वाट, त्यामुळे अर्थ होतो दिवसाच्या उजेडाचे जाणे. 1612 च्या पेंडल चेटकीण खटल्याचा वृत्तान्त थॉमस पॉट्स या न्यायालयीन कारकुनाने पुढच्या वर्षी छापला, त्यातल्या जबान्यांत सैतान याच वेळी भेटल्याचे सांगितले आहे. तिन्हीसांजेला मुलांना घरात बोलावणाऱ्या आजीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ‘कॉकशट’ शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या नाटकात येतो. कोंबड्या डालण्याची वेळ, असा त्याचा एक अर्थ लावतात, तर दुसरा झाडीतल्या मोकळ्या वाटेवर रानपक्षी धरायला लावलेल्या जाळ्यांशी जोडतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गावच्या सभेची किंवा प्रार्थनेची वेळ ‘अर्ली कँडललाइट’ अशी कळवत. घड्याळ सगळ्यांकडे नसे. घरोघरी पहिली मेणबत्ती लागली की निघायचे. इंग्रजीत तो शब्द मेणबत्त्यांबरोबर मागे पडला. आपली दिवेलागण मात्र विजेच्या बटणापर्यंत येऊन पोचली आहे.