प्रशीतक

शीतयंत्रातील कार्यकारी पदार्थ. बाष्पीभवनाच्या वेळी तो आतील उष्णता शोषतो आणि संघननाच्या (वायूचा पुन्हा द्रव होण्याच्या) वेळी ती बाहेर टाकतो. वडोदऱ्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतून याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. ‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोग मात्र चुकीचा आहे. चक्र बंद असल्याने प्रशीतक खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न बुजवता पुन्हा भरलेला गॅस अखेर हवेतच जातो.

प्रशीतक प्रथम कोणी वापरला, या आद्यत्वाविषयी मतभेद आहेत. ग्लासगोचे विल्यम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास (काहींच्या मते १७४८, काहींच्या मते १७५५ च्या सुमारास) निर्वात पंपाखाली ईथर उकळवून थंडावा मिळवला. ऑलिव्हर एव्हान्स यांनी १८०५ मध्ये बंद चक्राचे वर्णन केले, पण यंत्र बांधले नाही. जेकब पर्किन्स यांच्या १८३४ च्या पेटंटात तेच ईथर पुन्हा द्रवरूप करून फिरवण्याची योजना असल्याने आद्यत्व त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड आले. सारे विषारी वा दाहक. १९२८ मध्ये टॉमस मिजली व सहकाऱ्यांनी सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) पुढे आणले. अशी संयुगे बेल्जियमचे स्वार्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बनवली होती, हे अनेकदा विसरले जाते.

मोलिना व रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सीएफसीमुळे होणाऱ्या ओझोनहानीचा धोका दाखवला. १९८७ चा ओझोनरक्षणाचा माँट्रिअल करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. देशातील नियम २००० चे. या करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार एचएफसीची (क्लोरिनविरहित हायड्रोफ्लोरोकार्बन प्रशीतकांची) कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे.

वडोदऱ्याच्या ईशान्येस, पंचमहालातील रणजितनगर येथे आर-२२ हा क्लोरिनयुक्त प्रशीतक तयार होतो. त्याच्या निर्मितीत एचएफसी-२३ हा उपपदार्थ निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक आहे. तो जाळण्याचा येथील प्रकल्प क्योटो हवामान कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांतील उत्सर्जन-कपातीला विकता येणाऱ्या पता देणाऱ्या योजनेखाली) अगदी आरंभी नोंदला गेला. अशा प्रकल्पांना मिळणाऱ्या कार्बन पतांचे (क्रेडिट) मोल जाळण्याच्या खर्चाहून फार जास्त असल्याने आर-२२ चे उत्पादनच वाढते, हा आक्षेप ग्राह्य ठरला व युरोपीय संघाने २०१३ पासून या पता नाकारल्या. २०१६ मध्ये भारताने उत्पादकांना स्वखर्चाने एचएफसी-२३ नष्ट करण्यास बजावले. हेच धोरण न्याय्य होय. आर-२२ वर बंधने आली, तरी टेफ्लॉनचा कच्चा माल म्हणून होणाऱ्या उत्पादनाला ती लागू नाहीत. म्हणून एचएफसी-२३ जाळण्याची गरज राहतेच.

नव्या यंत्रांत आर-३२ व आर-२९० (प्रोपेन) येत आहेत. पूर्वी गळती हॅलाइड दिव्याने शोधत. क्लोरिनयुक्त गॅस लागताच ज्योत हिरवी होई. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने त्याच्या यंत्राजवळ ही ज्योत नेणे जिवावर बेतेल. तेथे सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडा पाहावा.