सरंजाम, प्रांत आणि पासपोर्ट : गोव्याच्या वादामागचं राजकारण

गोव्यातल्या लग्नघरात चार माणसं बसली की पोर्तुगीज पासपोर्टाचा विषय निघतोच. कुणाच्या आजोबांची जन्मनोंद जुन्या दफ्तरात सापडली, कुणाच्या आडनावाची अक्षरं जुळेनात. बोलणं शेवटी एका तारखेशी, गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली त्या दिवसाशी, येऊन अडतं : 19 डिसेंबर 1961. जन्म त्याआधीचा की नंतरचा?

राज्यशास्त्राच्या पुस्तकात सार्वभौमत्व, मान्यता, वसाहत हे शब्द व्याख्या पाठ करून मागे टाकता येतात. गोव्याबाबत मात्र याच शब्दांवरून दिल्ली, लिस्बन, हेग आणि न्यूयॉर्क अशी चार ठिकाणी वर्षानुवर्षं भांडणं झाली.

सुरुवात लिस्बनने, म्हणजे पोर्तुगालच्या सरकारने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत एक कलम आलं, 73 वं. ज्या प्रदेशांना स्वराज्य नाही, त्यांची माहिती राज्यकर्त्या देशाने द्यावी असं ते सांगतं. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि 'सागरापारचा प्रांत' असं नवं नाव दिलं. वसाहतच नाही, मग माहिती कसली द्यायची? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनातही 'प्रांत' हाच शब्द आला आणि दिल्ली खवळली. पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या लष्करी कराराचा, संस्थापक सदस्य होता, हे अमेरिकेच्या त्या शब्दामागचं साधं कारण. पण नाटोचं संरक्षण कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या अटलांटिक टापूपुरतं. पणजी त्यात बसत नव्हती.

मराठी माणसाने थांबून वाचावा असा भाग हेगचा. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातले, चहूबाजूंनी भारताने वेढलेले प्रदेश स्वयंसेवकांनी घेतले. त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या दमणहून तिथे फौज न्यायला भारताने पोर्तुगालला वाट दिली नाही. 14 डिसेंबर 1955 ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं आणि 22 तारखेला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दावा कसला, तर वाटेचा. आपल्याकडे बांधावरून जायच्या वाटेसाठी दोन भाऊ कोर्टात जातात, जवळपास तसाच.

पोर्तुगालने पुरावा म्हणून पुढे केला तो पेशव्यांशी झालेला 1779 चा पुणे तह आणि त्यामागोमागच्या 1783 व 1785 च्या सनदा. भारताचं म्हणणं, हा तह मुळात वैधपणे झालाच नाही. न्यायालयाला ते पटलं नाही. मराठे स्वतः तो तह बंधनकारक मानत होते, असं त्याने म्हटलं. मग प्रश्न उरला तो असा, की मराठ्यांनी दिलं काय? 12,000 रुपये उत्पन्नाची गावं, जहागीर किंवा सरंजाम म्हणून. सरंजाम म्हणजे महसूल खाण्याचा हक्क, राज्य नव्हे! देणाऱ्याचं सार्वभौमत्व देणाऱ्याकडेच राहिलं. पेशवे दफ्तरात रोज वापरला जाणारा हा शब्द पावणेदोनशे वर्षांनी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तराजूत पडला, याचं मला अजून नवल वाटतं.

तरी पोर्तुगालचा दावा तिथे संपला नाही. मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी तिथला पोर्तुगीज अंमल न बोलता मान्य केला आणि पुढे भारतानेही तेच केलं, असं न्यायालय म्हणालं. 12 एप्रिल 1960 चा निकाल म्हणूनच दोन्हीकडे ओढता येतो : खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता, भारताने वाट रोखून कर्तव्यभंग केला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या 'प्रांतां'ना स्वराज्य नसलेले प्रदेश ठरवलं. यादीत गोवा होता. शब्दाची ढाल गेली. सालाझार तरीही बोलणी करायला तयार नव्हते.

मग 'ऑपरेशन विजय' : भारतीय फौज गोव्यात शिरली. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषद बसली. संयुक्त राष्ट्रांची सनद बळाच्या वापराला मनाई करते, त्यामुळे भारताची बाजू अवघड होती आणि हे आपण मोकळेपणाने मान्य करावं. भारताचे प्रतिनिधी झा यांनी मांडलं की हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, दोन देशांच्या सीमेचा नाही. पाश्चात्त्यांच्या ठरावाने युद्धबंदी आणि भारतीय फौजेची माघार मागितली. त्याच्या बाजूने 7, विरुद्ध 4 मतं पडली. विरुद्ध होते सोव्हिएत संघ, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव पडला. इकडे 19 तारखेला गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

ताबा मिळाला, मान्यता नाही. लिस्बनच्या लेखी गोवा पुढची तेरा वर्षं पोर्तुगीजच होता, फक्त 'परक्यांनी व्यापलेला'. एप्रिल 1974 मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, तेव्हा कुठे गाठ सुटली. 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत तहावर सह्या झाल्या; पोर्तुगालकडून तिथले परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश यांची, भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

नागरिकत्वाचा धागा मात्र राहिला. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज कायदा आजही दार उघडतो; भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आत जाणाऱ्याला इथला पासपोर्ट परत करावा लागतो. जी तारीख लिस्बनने तेरा वर्षं मानली नाही, तीच आता तिथल्या नोंदणी कचेरीत आधी तपासतात.